रंग गेला, कार्बन राहिला : मेम्ब्रेनच्या चाचणीचा माझा अनुभव

सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषके काढण्यासाठी पीव्हीडीएफ या पॉलिमरमध्ये अतिनील प्रकाशात प्रदूषके मोडणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मिसळून संकरित मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा, तयार करणे हाच माझ्या प्रबंधातील अवघड भाग ठरेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तो आठवड्यात आटोपला आणि अतिनील दिव्याखाली मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे निळे पाणी नितळही झाले. मी अडकलो तो टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) चाचणीच्या अर्जापाशी.

रंग गेला म्हणजे प्रदूषक संपले, असे नसते. रेणूचा रंग देणारा भाग मोडला तरी त्याचे रंगहीन तुकडे पाण्यात उरतात, म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन मोजावाच लागतो. उपकरण कक्षाच्या अर्जात ‘अपेक्षित तीव्रता’ हा सातवा रकाना होता. तेथे मी रंगद्रव्याची तीव्रता, लिटरला १० मिलिग्रॅम, लिहिली. त्यांना हवी होती कार्बनची, जी रेणुसूत्रावरून सुमारे ६ मिलिग्रॅम येते. अर्ज नऊ दिवसांनी परत आला, तोही ‘रकाना ७’ एवढ्याच शेऱ्यासह! दुरुस्त केलेला अर्ज पुन्हा परतला, कारण नमुने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळल्याची नोंद नव्हती. मेम्ब्रेनच्या त्याहून कितीतरी बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी पुन्हा गाळायचे कशासाठी, हा माझा संताप अजूनही पुरता शमलेला नाही. नमुने आम्लाने पीएच २ च्या खाली आणून, काचेच्या बाटल्यांत ४ अंश सेल्सिअसला ठेवले होते, म्हणूनच ते या खोळंब्यात टिकले.

ती नोंद जोडल्यावर अखेर निकाल आला, तेव्हा पाझरलेल्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त कार्बन निघाला. मेम्ब्रेन ओतण्यासाठी वापरलेले डायमिथिलअॅसिटामाइड हे द्रावक तिच्यात उरले होते आणि तेच पाण्यात उतरत होते. लिटरमागे ११ मिलिग्रॅम द्रावक उतरले, तरी साऱ्या रंगद्रव्याइतका कार्बन वाढतो. शुद्ध पाणी मेम्ब्रेनमधून सोडून घेतलेला कोरा नमुना पहिल्याच खेपेला दिला असता, तर हे तेव्हाच कळले असते. पुढे मेम्ब्रेन रोज पाणी बदलत आठवडाभर भिजवली.

दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात थांबावे, हे सांगायचे राहिले. अन्यथा मेम्ब्रेनने नुसता शोषलेला रंगही प्रकाशाच्या खात्यावर जमा होतो.

भिजवलेल्या मेम्ब्रेनच्या नव्या नमुन्यांच्या अर्जात सातव्या रकान्याशेजारी कार्बनचे सगळे गणितच मांडले. तो दोन दिवसांत मंजूर झाला. रंग जवळजवळ पूर्ण गेला होता, कार्बन मात्र निम्म्यानेही घटला नव्हता, आणि प्रबंधात मी तोच आकडा दिला.