माळ झेपवील तेवढ्याच शेळ्या

आमचा धंदा बोकडाच्या मटणाचा. तुळजापूरच्या बाजूला, बालाघाटच्या उतारावर आमचा माळ आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळानंतर आम्ही सुरुवात केली. माणसाला पाणी नाही तिथं जनावरं कसली पाळता, असं गावात विचारायचे. पण उस्मानाबादी शेळी याच मुलखातली. बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरते, जुळी करडं देते.

तेव्हा माळावर कुसळी गवताशिवाय फारसं काही नव्हतं. मोकाट चराईत जनावर चवीचं गवत आधी वेचतं, त्याला बी धरायला सवडच मिळत नाही. मारवेल, पवन्या ही चवीची गवतं अशीच संपतात. आम्ही माळाचे तुकडे पाडले आणि जाळीचं कुंपण फिरतं ठेवलं. पावसाळ्यात एक तुकडा बी पडेपर्यंत पूर्ण बंद. बाकीकडे गवत चार बोटं उरलं की कळप पुढं. वर पान राहिलं तर खाली मूळ जगतं, पाणी जागच्या जागी मुरतं, माती ओढ्याला जात नाही. जंतांचा त्रासही घटतो, कारण जंतांच्या अळ्या गवताच्या बुडाशीच जास्त असतात. दवाच्या ओलीत त्या पात्यावर चढतात, म्हणून दव सुकल्याशिवाय आम्ही शेळ्या सोडतच नाही.

बाजाराला मात्र वजन लवकर हवं असतं. मका आणि पेंड भरपूर घातली की बोकड झटपट भरतो; आमचा गवतावरचा बोकड भरायला वेळ लागतो. म्हणून भाव थोडा जास्त, आणि तो का हे सांगणं आमचं काम. गवतावर वाढलेल्या जनावराच्या चरबीत धान्यावरच्यापेक्षा ओमेगा-३ जास्त असतं. हा अभ्यास मुख्यतः परदेशात, गोमांसावर झालेला आहे. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, आम्ही शेळीवाले. ओमेगा-३ साठी मासळीच वरचढ, हेही आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. काहीजण गवतावरच्या मटणाची खूण म्हणून पिवळी चरबी शोधतात. ती गवतावरच्या गाईची. शेळी हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, तिची चरबी पांढरीच राहते.

दिवाळीनंतर माळावर उभं गवत किती आहे ते पाहतो आणि तेवढीच जनावरं ठेवतो. पाऊस कमी झाला तर बोकड आधीच काढतो, म्हणून त्या वर्षी होळीनंतर नव्या ऑर्डरी घेत नाही. जुन्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे. नव्यांनी मृगानंतर फोन करावा.