तुम्ही विचारलंत म्हणून: दीड पिकोसेकंद मोजता कशाने?

“बी-मेसॉन दीड पिकोसेकंदात फुटतो म्हणता, मग एवढं बारीक घड्याळ आणता कुठून?” व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. (बी-मेसॉन म्हणजे बॉटम क्वार्क असलेला अल्पजीवी कण.) सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. एवढा वेळ आम्ही थेट मोजतच नाही. फुटण्याआधी कण किती पुढे गेला ते अंतर मोजतो.

जपानमधल्या त्सुकुबाच्या सुपरकेईकेबी त्वरकाचंच, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन त्यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचंच बघा. तिथे इलेक्ट्रॉन ७ जीईव्हीचे आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे प्रतिकण) ४ जीईव्हीचे असतात. जीईव्ही हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक. ही विषमता मुद्दाम ठेवलेली आहे. टकरीतून उप्सिलॉन-४एस नावाचा जड कण तयार होतो आणि तो दोन बी-मेसॉनांत फुटतो. त्या दोघांचं वस्तुमान भागवून हालचालीला ऊर्जा जेमतेम उरते. दोन्ही झोत सारखे असते तर प्रत्येक बी सरासरी ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकला असता, आणि तेवढं अंतर मापनाच्या चुकीतच बुडालं असतं. झोत विषम असल्यामुळे अख्खी जोडी इलेक्ट्रॉनच्या दिशेने ढकलली जाते आणि दोघांच्या फुटण्याच्या जागांमध्ये सरासरी १३० मायक्रॉनचं अंतर पडतं. साधारण ८४ मायक्रॉन म्हणजे १ पिकोसेकंद, असा हिशोब.

आता एक बी पूर्ण जुळवायचा, म्हणजे फुटून निघालेल्या कणांवरून तो परत मांडायचा. आमचा आवडता मार्ग म्हणजे बी फुटून जे-साय आणि के-शॉर्ट हे दोन कण होणं. तेही पुढे फुटतात. जे-सायचे दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) ३.०९७ जीईव्ही वस्तुमानाला जुळतात, के-शॉर्टचे दोन पायॉन (सर्वांत हलके मेसॉन) ०.४९८ला. बी फुटल्याची जागा मात्र म्यूऑनांवरूनच ठरवायची, कारण के-शॉर्ट फुटण्याआधी काही सेंटीमीटर लांब गेलेला असतो. मग बीचं वस्तुमान काढताना मोजलेल्या ऊर्जेऐवजी झोताची ऊर्जा वापरायची, कारण ती कितीतरी नेमकी माहीत असते. त्यामुळे ५.२७९ जीईव्हीला सुरेख, अरुंद शिखर येतं. पण हा मार्ग दुर्मीळ आहे: एक लाख उदासीन (विद्युतभार नसलेल्या) बींमागे जेमतेम दोन, त्यातलेही काही डिटेक्टरमधून निसटतात.

खरी डोकेदुखी दुसरा बी. तो पूर्ण जुळवत नाही. उरलेल्या कणांनी डिटेक्टरमध्ये उमटवलेल्या रेषा जिथे भेटतात ती त्याची जागा धरतो. पण त्या बीतून निघालेला डी-मेसॉन (चार्म क्वार्क असलेला कण) स्वतः थोडा पुढे जाऊन फुटतो, आणि त्याच्या रेषा ती जागा स्वतःकडे ओढतात. शिवाय तो बी होता की प्रति-बी (बीचा प्रतिकण), हे त्यातून निघालेल्या केऑनच्या (स्ट्रेंज क्वार्क असलेल्या मेसॉनच्या) किंवा लेप्टॉनच्या (इलेक्ट्रॉन वा म्यूऑनच्या) विद्युतभारावरून ठरवायचं, आणि पायॉनला केऑन समजलं की फसलो. असे किती फसतो, हे फक्त सिम्युलेशनवर (संगणकावरच्या नकली टकरींवर) सोडत नाही. बी फुटून डी-स्टार (डी-मेसॉनचा थोडा जड भाऊ) आणि पायॉन झाले, की बीची ओळख त्यांच्या भारावरूनच पटते. तिथे ताडून बघतो.

हे सगळं उभं आहे ते झोतनळीभोवतीच्या सिलिकॉनच्या सहा थरांवर. सर्वांत आतला थर झोतापासून फक्त १४ मिलिमीटरवर. चौथ्या थराची जुळणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने केली आहे. प्रत्येक तुकडा नेमका कुठे बसलाय, हे वैश्विक किरणांच्या आणि टकरींच्या रेषांवरून पुन्हा पुन्हा काढावं लागतं. ही मोजपट्टीच १ टक्का ताणलेली निघाली तर आयुर्मानही १ टक्क्याने चुकतं, आणि टकरी कितीही गोळा केल्या तरी ती चूक कमी होत नाही.