चौथीचे मास्तर, डेटन

गुरुवार, ८ ऑगस्ट

रात्रीचे साडेदहा. चौथीच्या ४२ वह्या तपासून झाल्या, लाल पेनाची रिफिल संपली, आता कानाला हेडफोन. शनिवारपासून नेम धरलाय: रोज रात्री रॉबर्ट पोलार्डचा एक अल्बम, अगदी पहिल्यापासून क्रमाने. ओहायो राज्यातल्या डेटनचा माणूस. राइट बंधूंचं गाव ते. गाईडेड बाय व्हॉइसेस हा त्याचा बँड १९८३ साली सुरू झाला. त्यात माणसं येत गेली, जात गेली, पण बँड म्हणजे पोलार्डच. मला त्याच्याबद्दल माया वाटण्याचं कारण खरं तर संगीताचं नाही. हा गृहस्थ चौदा वर्षं शाळेत मास्तर होता, आणि तोही चौथीचा.

नेम धरताना एकूण आकडा पाहिला नव्हता, ही चूक झाली. २०१७ मध्ये आलेला 'ऑगस्ट बाय केक' हा त्याचा शंभरावा स्टुडिओ अल्बम. पुढे २०१९ मध्ये बँडचे तीन, २०२० मध्ये आणखी तीन. गाणी दोन हजारांच्या वर. म्हणजे रोज एक धरला तर दिवाळी उलटली तरी माझी सुटका नाही. हिशोब ऐकून बायको म्हणाली, "अहो, हा माणूस गातो की दळण दळतो?"

आज 'प्रोपेलर', १९९२ चा. तोवर बँडला गावाबाहेर कोणी ओळखत नव्हतं, गावातही बेताचंच. हा काढायचा आणि मग बास, असं ठरवूनच काढलेला. प्रती फक्त ५००, आणि प्रत्येकीचं कव्हर वेगळं, हाताने रंगवलेलं, चिकटवलेलं. आज त्यातली एक मिळवायला संग्राहक हजारो डॉलर मोजतात. पण मला आवडली ती सुरुवात. अल्बम सुरू होतो तो गर्दीच्या आरोळ्यांनी. बँडच्या नावाची आद्याक्षरं, जी-बी-व्ही, जी-बी-व्ही, जणू स्टेडियम भरलंय. गर्दी खोटी! यांनीच केलेली. वऱ्हाडाचा पत्ता नाही आणि मांडवात सनई चालू. ऐकताना आधी हसू आलं आणि मग जरा गलबललं, कारण पुढे खरोखरचे लोक त्याच्या कार्यक्रमात हेच ओरडायला लागले.

रविवार, ११ ऑगस्ट

काल 'बी थाउजंड' (१९९४), आज 'एलियन लेन्स' (१९९५). दुपारीच ऐकून टाकला, नेम मोडून, रात्रीपर्यंत धीर निघाला नाही.

पहिल्यात ३६ मिनिटांत २० गाणी, दुसऱ्यात ४१ मिनिटांत २८. चहा उकळेपर्यंत दोन गाणी होऊन जातात. ध्रुपद एकदाच येतं, तुम्ही मान डोलवायला घ्यावी तर गाणं संपलेलं. बरंचसं रेकॉर्डिंग घरात, तळघरात, गॅरेजमध्ये. चार ट्रॅकचं कॅसेट मशीन, म्हणजे साध्या कॅसेटच्या फितीवर चार वेगळे पट्टे: एकावर ड्रम, एकावर गिटार, एकावर आवाज, उरलेल्यावर जे सुचेल ते. जोडीदार टोबिन स्प्राउट, तोही गाणी लिहिणारा. 'एलियन लेन्स'ला बिअरचा खर्च सोडला तर दहा डॉलर लागले, असं सांगतात. बिअर धरली तर किती, ते कोणी सांगत नाही.

'बी थाउजंड'च्या पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गायब होते. पहिल्यांदा मला वाटलं हेडफोनची वायर गेली. काढून, फुंकून, पुन्हा लावली. मागे नेऊन ऐकलं तर तिथेच, तशीच गायब. मग थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात परत येते. दुसरा कोणी असता तर ते पुन्हा वाजवून घेतलं असतं, याने तेच अल्बमच्या दारात उभं केलं. आणि 'एलियन लेन्स'मध्ये एका गाण्याच्या मागे कोणीतरी चक्क घोरतंय. गाणं तसं गोड आहे, आणि मागे हा घुर्रर्र. तीनदा ऐकलं. आता ते गाणं घोरण्याशिवाय मनात येतच नाही.

१९९४ मध्ये त्याने शाळा सोडली. छत्तिशी ओलांडलेली, घरी मुलंबाळं. मी हे वाक्य लिहून दोन मिनिटं थांबलो, उगाच.

मंगळवार, १३ ऑगस्ट

क्रम सोडला. सरळ १९९९ च्या 'डू द कोलॅप्स'वर उडी मारली. निर्माता रिक ओकासेक, महागडा स्टुडिओ, सगळं घासूनपुसून लख्ख. वाईट नाही. पण पाहुणे येणार म्हणून आवरलेल्या घरात आपलाच चष्मा सापडत नाही, तसं झालं. खरखर हा फक्त गरिबीचा दोष नव्हता, त्यात गाण्याचा अर्धा जीव होता, हे माझं मत. रसिक भांडतील.

आता दुसरी बाजूही लिहून ठेवतो. सगळंच सोनं नाही. काही अल्बम असे की संपल्यावर एकही चाल आठवत नाही, नुसता कोणीतरी शेजारच्या खोलीत बोलत होता एवढंच लक्षात राहतं. त्याच्याकडे एक सुटकेस होती, जुन्या कॅसेटींनी भरलेली. २००० साली त्यातली १०० गाणी त्याने एका संचात बाहेर काढली आणि त्यांना मनाने रचलेल्या बँडांची नावं दिली! मग २००५, २००९, २०१५, दर वेळी आणखी शंभर. चारशे गाणी, आणि ही सगळी उरलीसुरली. कोणीतरी याच्या हातातून कॅसेट काढून घ्यायला हवी होती, असं वाटलं खरं.

म्हणून वही घेऊन बसलो. ठेवायची आणि टाकायची, असे दोन रकाने. अकरा वाजेपर्यंत ठेवायच्या रकान्यात ३१ नावं, टाकायच्या रकान्यात चार. त्यातलं एक झोपताना मी गुणगुणत होतो. खोडलं आणि पलीकडे लिहिलं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. जिलेबी वाटून झाली. पावसाने कृपा केली, भाषणं झाल्यावरच आला.

पोरांचं समूहगीत सोमवारी वर्गात फोनवर रेकॉर्ड केलं होतं, पालकांच्या ग्रुपवर टाकायला. नऊ वेळा म्हणून घेतलं. एकदा शिपाईमामांनी मधल्या सुट्टीची घंटा दिली, एकदा बाहेरून एसटीचा भोंगा, एकदा मागच्या बाकावरच्या पठ्ठ्याने नेमकी वरच्या पट्टीवर शिंक दिली आणि अख्खा वर्ग हसत हसत सुरात परतला. ती आठ पुसली, नववं स्वच्छ आलं ते ठेवलं. हे सगळं घोरणारं गाणं तीनदा ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी केलं, त्याला काय म्हणावं.

आज कार्यक्रमानंतर ते नववं वर्गात लावलं. पोरं गप्प बसून ऐकत होती, दुसऱ्या कोणाच्या शाळेचं असल्यासारखी. संपल्यावर पहिल्या बाकावरून एकजण म्हणाली, "गुरुजी, ते शिंकेचं लावा ना."

घरी येऊन फोनची कचरापेटी उपसली. तिथूनही गेलेलं. उद्या पुन्हा म्हणायला लावीन, पण शिंक कुठून आणू?