‘चेनींची मुलगी’

2004 साली मी नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यात राहत होतो. मला मताधिकार नव्हता, तरी 13 ऑक्टोबरच्या रात्री अध्यक्ष बुश आणि निवडणुकीतील त्यांचे प्रतिस्पर्धी केरी यांच्यातील तिसरा जाहीर वादविवाद मी शेवटपर्यंत पाहिला. समलैंगिकता ही स्वतः केलेली निवड असते का, असे सूत्रसंचालक बॉब शीफर यांनी विचारले. बुश यांनी आपल्याला ठाऊक नाही असे सांगितले. केरी यांनी मात्र उत्तर देताना बुश यांचे उपाध्यक्ष डिक चेनी यांची मुलगी मेरी लेस्बियन असल्याचा उल्लेख केला.

पुढे कित्येक दिवस चर्चा झाली ती त्या उल्लेखाचीच. मेरीच्या आईने त्याला हीन राजकीय डावपेच म्हटले आणि वडीलही संतापले. वास्तविक मेरी वडिलांच्या प्रचाराची मोठी जबाबदारी सांभाळत होती, आणि ऑगस्टमध्ये आयोवातील सभेत खुद्द चेनी यांनीच आपली मुलगी समलिंगी असल्याचे सांगितले होते. तरीही केरी यांचे ते वाक्य मला आजही खटकते, कारण समोर नसलेल्या मुलीला साक्षीला उभे करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. पण त्याहून कितीतरी अधिक खटकते ते हे, की समलिंगी विवाहाला राज्यघटनेतच बंदी घालावी, ही बुश यांची फेब्रुवारीपासूनची मागणी मेरीसारख्या प्रत्येकीचा अपमान करणारी असूनही त्या मागणीवर एवढा संताप कोणी व्यक्त केला नाही.

2 नोव्हेंबरला 11 राज्यांनी अशी बंदी मतदानाने मंजूर केली. ओहायोत तिच्या बाजूने सुमारे 62 टक्के मते पडली, आणि तिथली दुरुस्ती तर विवाहासारखा दर्जा देणारी अन्य कोणतीही व्यवस्था नाकारणारी होती. माझी एक सहकारी अनेक वर्षे आपल्या जोडीदारासोबत राहत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचा डबा न उघडताच तिने मला विचारले, “उद्या ती रुग्णालयात असली, तर मला आत सोडतील का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

2013 मध्ये मेरीची बहीण लिझ सिनेटच्या उमेदवारीसाठी उभी राहिली आणि तिने समलिंगी विवाहाला विरोध जाहीर केला, तेव्हा मेरीच्या पत्नीने फेसबुकवर लिहिले, की लिझ आमच्या घरी पाहुणी म्हणून राहिली आहे, आमच्या मुलांसोबत तिने सणाचे दिवस घालवले आहेत. आपण चुकलो हे लिझने 2021 मध्ये जाहीरपणे मान्य केले आणि पुढच्या वर्षी अशा विवाहांना संरक्षण देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मतही दिले.

तोवर देशभर समलिंगी विवाहाला मान्यता मिळून सात वर्षे झाली होती. ही मान्यता मिळवून देणारा 2015 चा खटला ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो जिम ओबर्गफेल ओहायोचाच. पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून आपले नाव असावे, एवढ्यासाठी तो न्यायालयात गेला होता.