‘अ‍ॅक्वालंग’चा तिढा सुटला, तक्ता मात्र पुन्हा मांडतोय

जुने रॉक अल्बम आज ऐकताना किती म्हातारे वाटतात, याचा एक तक्ता मी वर्षवार मांडतोय. त्यात १९७१वर अडलेली गाडी अखेर हलली. मागच्या नोंदीत तक्त्यात जेथ्रो टलच्या ‘अ‍ॅक्वालंग’समोर प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की हा अल्बम म्हातारा झालाय, मान्य कर आणि पुढं सरक. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आणि आता न पटण्याचं भक्कम कारण हाती लागलंय.

आधी बाकीच्या किरकोळ हालचाली. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ‘ताजा’ रकान्यात कायम. जवळजवळ सगळा एका दिवसात रेकॉर्ड झालेला, त्यामुळे त्या वर्षीच्या फॅशनचे थर चढवायला कुणाला उसंतच नव्हती. डोअर्सचा पहिला अल्बम एक पायरी वर चढला. ‘लाइट माय फायर’ वर्षानुवर्षं किंचित संथ वेगात ऐकवलं गेलं आणि चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं, हे तुम्हाला माहीत आहेच. योग्य वेगात ऑर्गन असा काही चमकतो की आता जुन्या आवृत्तीकडे परत जाववत नाही.

आता मुख्य दुखणं. ‘अ‍ॅक्वालंग’च्या गाण्यांबद्दल मला कधीच शंका नव्हती. सहा सुरांची ती सुरुवात आजही अंगावर येते. जी मंडळी जेथ्रो टल म्हणजे बासरी असं समीकरण मांडतात, त्यांनी शीर्षकगीत पुन्हा ऐकावं. त्यात बासरी औषधालाही नाही. शंका होती ती आवाजाबद्दल. मूळ मिक्स, म्हणजे वेगवेगळी वाद्यं एकत्र मिसळून केलेलं रूप, घुसमटलेलं आहे. ड्रम्स बंद खोलीतून आल्यासारखे वाटतात. गिटार, पियानो आणि तंतुवाद्यं एकाच मधल्या पट्ट्यात दाटीवाटीनं बसतात आणि वरची झळाळी कुठं हरवते तेच कळत नाही.

‘त्या काळचा आवाज असाच असायचा’ हे उत्तर मला चालत नाही. लंडनच्या बेझिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चमध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीचा नवाकोरा स्टुडिओ झाला होता, तिथं हा अल्बम झाला. त्याच हिवाळ्यात त्याच इमारतीत लेड झेपेलिनचंही काम चालू होतं आणि ‘स्टेअरवे टू हेवन’चा पाया तिथंच घातला गेला. त्या गाण्याला आज कुणी घुसमटलेलं म्हणेल का? वर्ष तेच, छप्पर तेच. म्हणजे दोष काळाचा नाही, जेथ्रो टलच्या वाट्याला आलेल्या मोठ्या खोलीत टेपवर जे उतरलं आणि नंतर ज्या तऱ्हेनं मिसळलं गेलं त्याचा आहे.

म्हणून जुनी सीडी, १९९६चं रिमास्टर (मिक्स जुनंच, फक्त शेवटचा हात नवा) आणि स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं मूळ टेपवरून नव्यानं मिसळलेलं २०११चं रिमिक्स अशी तिन्ही समोरासमोर लावली. फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये रिप्लेगेननं आवाजाची पातळी समान करून घेतली. ही पायरी कुणीही गाळू नये. अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तरी कान मोठ्या आवाजालाच चांगला ठरवतो, आणि मग आपण अल्बमला नाही, व्होल्यूमला गुण देतो. कोणती आवृत्ती वाजतेय ते न सांगता फरक खरंच ऐकू येतो का हे तपासणारं एबीएक्सचं प्लगिन याच कामासाठी आहे, फुकट आहे, आणि कुठल्याही महागड्या केबलपेक्षा जास्त शिकवतं.

आणि इथंच डोकं फिरायची वेळ आली. रिमिक्समध्ये वाद्यं सुटी झाली, खोली दिसू लागली, बासचा प्रत्येक सूर मोजता येऊ लागला. आवाज निःसंशय तरुण झाला होता. तरीही दुसरी बाजू येईपर्यंत मी थकत होतो. ‘क्रॉस-आइड मेरी’च्या सुरुवातीची बासरी टोचायची. ‘हिम ४३’ला तर हेडफोन उतरवून ठेवावेसे वाटायचे. हेडफोन बदलून पाहिले, बंद कपांऐवजी उघड्या कपांचे घेतले, पण फरक नाही. जुनं मिक्स घुसमटलेलं, नवं मिक्स थकवणारं. मग वयाच्या रकान्यात लिहायचं काय?

डीआर मीटरचे (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर मोजणाऱ्या मीटरचे) आकडे पाठवणाऱ्यांचे आभार, पण तेवढ्यानं हा गुंता सुटत नव्हता. एलपीवरून उतरवलेल्या फाइलला तो मीटर एरवीही जास्त गुण देतो, मास्टर तेच असलं तरी. खात्रीसाठी एका विक्रेत्याकडून ‘पहिली छपाई’ म्हणून एलपीही मागवली. आली ती पुष्कळ नंतरची निघाली. आतल्या मोकळ्या पट्टीवर कोरलेली अक्षरंच जुळेनात. घेण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागा, आणि देत नसेल तर तो नाद सोडा.

किल्ली सापडली ती २०१६च्या पुस्तकवजा संचात. मिक्स तेच विल्सनचं, फक्त त्यावर मास्टरिंगचा, म्हणजे मिक्स झाल्यावर आवाजावर केल्या जाणाऱ्या शेवटच्या संस्काराचा, वेगळा हात फिरवलेला नाही. पातळी जुळवली, ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ लावलं, आणि पहिल्या मिनिटातच कळलं की थकवा मिक्सचा नव्हताच, २०११च्या मास्टरिंगचा होता. बँडचा पियानोवादक जॉन एव्हनच्या पियानोची ती सुरुवात खोलीभर पसरते, डाव्या हाताच्या सुरांना वजन येतं. मग गिटारची दाबलेली टकटक सुरू होते आणि तिच्याखाली हाय-हॅट. या गाण्याची लय पकडायला बँडचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसननं बास ड्रम आणि हाय-हॅट आधी स्वतः वाजवून ठेवले होते, बाकीचे त्यावर चढले. २०११च्या सीडीत तो हाय-हॅट नुसता फस्स करायचा. इथं काठी धातूवर पडल्याचा क्षण आणि त्यानंतरची कंपनं वेगळी ऐकू येतात. ‘वंडरिंग अलाउड’मध्ये ओळ सुरू होण्याआधीचा श्वास ऐका, तंतुवाद्यं त्याच्या मागून किती हलकेच येतात ते ऐका. हा अल्बम आजही धडधाकट आहे.

मग लागोपाठ दोन्ही बाजू ऐकल्या. बोनस ट्रॅक बंद, मध्ये विश्रांती, एलपी उलटवल्यासारखी. हेही सगळ्यांनी करून पाहावं. दोन्ही बाजूंना स्वतंत्र नावं आहेत, ‘अ‍ॅक्वालंग’ आणि ‘माय गॉड’. कन्सेप्ट अल्बम हा शिक्का अँडरसनला कधी मान्य नव्हता, आणि सलग ऐकल्यावर मलाही त्याचंच म्हणणं पटतं. पहिली बाजू माणसांची चित्रं काढते, दुसरी धर्मसंस्थेशी भांडते, बस्स.

पण आवाजाचा प्रश्न मिटल्यावर दुसरंच काहीतरी ऐकू येऊ लागलं: शब्द. शीर्षकगीताची सुरुवात इयनची तेव्हाची बायको जेनी अँडरसननं लिहिली, तिनंच काढलेल्या बेघर माणसांच्या फोटोंवरून. तो म्हातारा किळसवाणा आहे, तरी गाणं त्याच्याजवळ बसतं, थंडीनं दुखणारा त्याचा पाय बघतं. मधल्या भागात टेलिफोनमधून आल्यासारखा तो बारीक आवाज येतो तेव्हा गळा दाटतो. हे शब्द जराही शिळे झालेले नाहीत. ‘क्रॉस-आइड मेरी’चं मात्र तसं नाही. शाळकरी मुलीकडे बघायची ती मिश्कील नजर आज खटकते, बासरी कितीही सुरेख वाजो. आणि ‘हिम ४३’ आरडाओरडीच्या पुढं जात नाही. ‘माय गॉड’ तोच राग धीम्या गिटारवर, दम धरून मांडतं, म्हणून ते टिकलंय.

म्हणजे वयाचा एकच रकाना पुरणार नाही. आवाजाचं वय आणि गाण्याचं वय वेगळं मांडायचं, असं ही नोंद सुरू करताना ठरवलं होतं. लिहिता लिहिता तिसराही लागला, शब्दांचं वय. ‘अ‍ॅक्वालंग’ची नोंद आता अशी: आवाज तरुण (२०१६चा संच), गाणी ताजी, शब्द बहुतेक ताजे, ‘मेरी’ वगळून.

यामुळे क्रमही बदलतोय. १९७२ला डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’नं सुरुवात करणार होतो, ते थांबवतो. त्याआधी झीझी टॉपचा ‘ट्रेस ओम्ब्रेस’ घ्यायचाय, कारण तिथं प्रकरण नेमकं उलटं आहे. १९७३चा मस्त कोरडा अल्बम, पण १९८७च्या सीडी-संचासाठी बँडच्या जुन्या अल्बमांवर ऐंशीच्या दशकातल्या ड्रम्सचा घुमारा चढवला, आणि कित्येक वर्षं सीडीवर तेच रूप मिळत राहिलं. मूळ मिक्स परत यायला २००६ उजाडलं. दोन्ही समोरासमोर लावले की नव्याच हातानं जुना अल्बम म्हातारा कसा होतो ते ऐकता येईल. तो ड्रम्सचा घुमारा मुळात जिथं शोभून दिसला तो पीटर गेब्रियलचा १९८०चा तिसरा अल्बमही मग सोबत घ्यावा म्हणतो; ‘इंट्रूडर’मध्ये फिल कॉलिन्सचे ड्रम्स, सिंबल एकही नाही. त्याला कोणता रकाना मिळेल याची मला फार उत्सुकता आहे. १९८७च्या त्या संचातल्या सीडी कुणाकडे असतील तर ‘ट्रेस ओम्ब्रेस’मधल्या ‘ला ग्रेंज’ची सुरुवात ऐकून कळवा, सुरुवातीच्या काठीच्या टकटकीवर घुमारा आहे की तो फक्त पूर्ण ड्रम्स आल्यावर चढतो.