नोड १ चं स्वॅप : चोर सापडला

झालं एकदाचं! मागच्या दोन पोस्टमध्ये माझ्या मायएसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हरच्या ज्या स्वॅपवरनं (रॅम कमी पडली की कर्नल पानं डिस्कवर टाकतो ते) डोकं फोडून घेत होतो ते आता शून्यावर बसलंय, सिसबेंच (डेटाबेसवर मुद्दाम ताण टाकणारं टूल) ३२ थ्रेडवर रात्रभर चालवला तरी व्हीएमस्टॅटच्या एसआय-एसओ (स्वॅपमधनं आत, स्वॅपकडं बाहेर) रकान्यात हालचाल नाही.

मशीन तेच, दोन झिऑन प्रोसेसर, प्रत्येकाला ३२ जीबी रॅम (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम मिळून एक नोड, ही रचना म्हणजे नुमा), बफर पूल (मायएसक्यूएलची रॅममधली कॅश) ४० जीबी. अडचण अशी की फ्री कमांड मारली की अव्हेलेबलला वीसेक जीबी दिसायची आणि तरी मायएसक्यूएल स्वॅपमध्ये जायचं! स्वॅपिनेस (कर्नलनं स्वॅपकडं किती झुकायचं तो आकडा) १ केला, काही फरक नाही. नुमा इंटरलीव्ह (बफर पूलची पानं दोन्ही नोडवर आळीपाळीनं वाटायची सेटिंग) पहिल्यापासनं ऑन (मायएसक्यूएल ८.० मध्ये आपणच लावायला लागतंय, ८.४ पासून डिफॉल्ट ऑन). तरी नुमास्टॅटमध्ये (कुठल्या नोडवर किती मेमरी ते दाखवणारी कमांड) बघितलं तर मायएसक्यूएलचे ११ जीबी नोड ० वर आणि २९ जीबी नोड १ वर. इंटरलीव्ह म्हणजे निम्मं-निम्मं ना बाबा?

मग नुमास्टॅट -एम मारला आणि फाइलपेजेसची ओळ बघितली. नोड ० वर उरलेल्या जागेत बहुतेक सगळी पेज कॅशच (वाचलेल्या फाइली कर्नल रॅममध्ये ठेवतो ती)! पावसात आमच्या वडगावात करंटचा भरवसा नाही म्हणून मी सर्व्हर थांबवून आरसिंकनं (फाइली कॉपी करणारं टूल) कोल्ड बॅकअप घेतो आणि लगेच चालू करतो. आरसिंक नोड ० च्या कोअरवर चालायचा, त्यानं वाचलेलं सगळं तिथंच साठायचं. त्यावर इंटरलीव्ह पानं वाटायला बसलं की नोड ० वर जागा नाही, कर्नल कॅश हाकलत बसण्याऐवजी गुपचूप नोड १ कडं जातोय. नोड १ भरला की तिथं टाकून द्यायला कॅशच नाही, नुसती बफर पूलची पानं, मग तीच स्वॅपमध्ये.

इलाज एका ओळीचा. सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालू-बंद करणारा) ओव्हरराइडमध्ये एक्झेकस्टार्टप्रीला (सर्व्हर चालू व्हायच्या आधी चालते ती कमांड) आधी सिंक आणि मग ड्रॉप कॅशेसमध्ये ३, म्हणजे पेज कॅश रिकामी. कमांडच्या पुढं प्लस लावा, म्हणजे रूट म्हणून चालतंय. सिंक विसरू नका, डर्टी पानं (डिस्कवर अजून न लिहिलेली) तशी सुटत नाहीत. आता २०-२० जीबी, बघत बसावंसं वाटतंय.

कुणीतरी बायोसमधनं नोड इंटरलिव्हिंग चालू कर म्हणालं होतं. नको. मग ओएसला नुमा दिसतच नाही, आणि दोन सॉकेटचं मशीन घेतलंय कशाला?

रॅमचं एक सांगतो, ऑनलाइन घेताना लेबलचा फोटो मागाच. मला एकानं रजिस्टर्ड आणि अनबफर्ड काड्या (रॅमचे दोन प्रकार, एकत्र चालत नाहीत) मिसळून पाठवल्या, बोर्ड चालूच होईना. त्यापेक्षा बेंगळूरला एस. पी. रोडवर जाऊन समोर बघून घेतलेलं बरं. पंख्याच्या आवाजाचं मात्र टेन्शन नाही, शेजारी माग चालायलेत, त्यात सर्व्हर कुणाला ऐकू येतोय.

आता पुढचं काम जेमॅलॉक (मेमरी वाटून देणारी वेगळी लायब्ररी) लावून बघायचं होतं, पण थांबा, लिहिता लिहिता सुचलं. बॅकअपच डीडीनं (कॉपीची कमांड) डायरेक्ट फ्लॅग (पेज कॅश टाळून वाचायचा) लावून घेतला तर पेज कॅश भरणारच नाही, मग ड्रॉप कॅशेसची भानगडच कशाला? आणि त्याहून भारी, प्रत्येक नोडला बांधलेला वेगळा मायएसक्यूएल, २०-२० चे पूल, मध्ये रेप्लिकेशन (एकाचा डेटा दुसऱ्याकडं आपोआप जाणं). एकाच प्रोसेसचे थ्रेड दोन सॉकेटवर धावण्यापेक्षा हे बरं पडेल असं वाटायलंय. जेमॅलॉक मागं, हे आधी. फक्त मेमबाइंड (त्याच नोडची मेमरी घ्यायची) लावू की प्रिफर्ड (आधी तो नोड, भरला की दुसरा)? मेमबाइंडनं नोड भरला की परत स्वॅप, म्हणून माझा कल प्रिफर्डकडं आहे, कुणी चालवून बघितलं असेल तर सांगा की.