दुसऱ्या मजल्याचा डबा

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४, देजॉन, दक्षिण कोरिया

आज दिवसभर जो भेटला त्याने एकच विचारलं, "किमजांग झालं का?" लॅबमधल्या मुलीने विचारलं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईंनी विचारलं. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे "फराळ झाला का?" विचारतात ना, अगदी त्याच सुरात. किमजांग म्हणजे हिवाळाभर पुरेल एवढी किमची, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेला कोबी, एकदमच घालून ठेवायची. घरातल्या, शेजारच्या बायका जमतात, मिळून करतात आणि मग घरोघर वाटतात. २०१३ साली युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत घेतली ती ही मिळून करण्याची आणि वाटण्याची रीत. आजची तारीख तर २०२० पासून इथे सरकारी किमची दिन आहे.

माझं इथलं हे तिसरं वर्ष. गेली दोन वर्षं खालच्या मजल्यावर हालमोनींकडे, म्हणजे आमच्या घरमालकीण आजींकडे, कोबीची पोती उतरताना मी जिन्यातून पाहिली. नंतर डबाही आला, दोन्ही वर्षी. पण "ये, बस आमच्यात" असं कुणी म्हणालं नाही आणि आपणहून जायला माझं कोरियन तोकडं पडलं. याचं मला वाईट वाटायचं.

संध्याकाळी दार वाजलं. "सेदेक, जेवलीस का?" हालमोनींचं पहिलं वाक्य नेहमी हेच. इथे माणसं एकमेकांना भेटल्यावर 'कशी आहेस'च्या ऐवजी सहज 'जेवलीस का' विचारतात, आणि सोलापूरकडच्या माझ्या कानाला त्यात काही नवीन वाटत नाही. सेदेक म्हणजे नवी नवरी, नव्याने संसार मांडलेली. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यांच्यासाठी मी सेदेकच.

मग म्हणाल्या, "उद्या दुपारी खाली ये. जुने कपडे घालून ये."

शनिवार, २३ नोव्हेंबर

चाळीस कोबी. हा आपला गोल गड्डा नव्हे. लांबट, फिक्या हिरव्या पानांचा, एकेक अडीच-तीन किलोचा. इथे त्याला बेछू म्हणतात. मी सुरी घेऊन सरळ दोन भाग करायला निघाले तर हालमोनींनी हात धरला. बुडाशी फक्त चार बोटं चीर द्यायची आणि पुढचं हातांनी फाडायचं. सुरीने कापलं की आतल्या कोवळ्या पानांचा चुरा होतो. फाडताना जो आवाज येतो तो नवं कापड फाडल्यासारखा.

मग जाडं समुद्री मीठ. ते पानांवर टाकायचं नाही, पानांच्या पांढऱ्या देठाशी मुठीने भरायचं, कारण पान लगेच मऊ पडतं, देठ वेळ घेतो. रात्री एकदा उठून खालचे वर, वरचे खाली करायचे. मी म्हटलं, रात्री मी येते. त्या "बरं" म्हणाल्या, पण दीड वाजता मी खाली गेले तेव्हा त्या मोरीत बसलेल्या होत्याच. दोघींनी मिळून सगळे कोबी पालटले. बोललो जवळजवळ काहीच नाही. थंडी शून्याजवळ होती आणि मिठाच्या पाण्याने बोटांची कातडी ओढल्यासारखी झाली होती.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळी सातला त्यांनी मला एक देठ दिला आणि म्हणाल्या, "वाकव." वाकवला. मोडला नाही, दोरीसारखा वळला. हीच खूण. कच्चा असला तर कटकन तुटतो. मग तीन पाण्यांतून धुऊन कोबी पालथे निथळत ठेवले.

एव्हाना त्यांच्या थोरल्या सूनबाई, लेक आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोघी आल्या. जमिनीवर मोठं प्लास्टिक अंथरलं. इथली जमीन खालून गरम असते, हिवाळ्यात ते केवढं सुख. आज मात्र त्या खोलीची ऊब मुद्दाम बंद ठेवली होती, कोबी उबायला नको म्हणून. सगळ्यांनी कोपरापर्यंतचे लाल रबरी हातमोजे चढवले. माझ्यासाठी एक जोड नवा आणलेला होता, अजून पाकिटात.

मला काम मिळालं खळ घोटायचं. चिकट तांदळाचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. त्यानेच मिरचीपूड कोबीला धरून राहते. कोरियनमध्ये तिला 'पुल' म्हणतात आणि कागद चिकटवायच्या खळीलाही 'पुल'च. मी ढवळायला लागले आणि एकदम बार्शीच्या अंगणात जाऊन पोचले. चैत्रात आई कुरडयांचा चीक शिजवायची तेव्हा असाच हात थांबवायचा नसे. एक क्षण थांबलं की गाठ. हळूहळू पांढरा रंग जाऊन पारदर्शक चकाकी येते, चमचा जड होतो आणि मधोमध एक मोठा बुडबुडा फुटतो, फप्प. तिथे आई म्हणायची, "झाला." हालमोनी पाठमोऱ्या मुळा किसत होत्या. तो आवाज ऐकून मागे न बघता म्हणाल्या, "झालं, उतरव."

मला पातेलं खाली ठेवून क्षणभर तोंड फिरवावं लागलं.

मसाल्यात मिरचीपूड, किसलेला मुळा, कांद्याची पात, मोहरीचा पाला, आलं आणि लसूण. लसूण म्हणजे ढीगच. शिवाय सेउजत, म्हणजे खारवून मुरवलेली बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याएवढी. ती मी खात नाही. हे मी पहिल्या वर्षी नीट सांगूच शकले नव्हते. तेव्हाचा डबा मी न खाता एका मैत्रिणीला दिला आणि ती गोष्ट मनाला टोचत राहिली. आज हालमोनींनी कालवायच्या आधीच एक वेगळं पातेलं बाजूला काढलं आणि त्यात मासळीऐवजी समुद्री शेवाळाचं पाणी आणि मीठ घातलं. सूनबाईंना म्हणाल्या, "देवळातले भिक्षू अशीच करतात. त्यांना तर लसूणही चालत नाही, कांदाही नाही." मी चातुर्मासाचं सांगितलं. आमच्याकडेही चार महिने कांदा-लसूण बंद असतो म्हटल्यावर पलीकडच्या गल्लीतल्या दोघी कितीतरी वेळ प्रश्न विचारत राहिल्या.

पान उचलायचं, आत मसाला चोळायचा, पुढचं पान. शेवटच्या बाहेरच्या पानाने सगळा कोबी बाळाच्या दुपट्यासारखा गुंडाळायचा. माझा पहिला कोबी हालमोनींनी उलगडून परत करायला लावला. दुसऱ्याला काही बोलल्या नाहीत.

दुपारी गॅसवाला आला. त्याने माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. हालमोनी म्हणाल्या, "उरी सेदेक." कोरियन माणूस एकुलता एक असला तरी 'माझी आई' म्हणत नाही, 'उरी' आई म्हणतो. आपल्याकडे 'आम्ही' निराळं आणि 'आपण' निराळं, इथे दोन्हीला हा एकच शब्द. मी त्याचं मराठी मनातल्या मनात 'आपली' असंच केलं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कंबर धरली आहे. बोटांना अजून लसणाचा वास आहे.

काल रात्री आवरताना लसणाच्या सालपटांची पिशवी मी ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे नेली नाही, साध्या कचऱ्यात टाकली. हालमोनींच्या लेकीने ते पाहिलं आणि "तुला माहीत आहे!" म्हणाली. इथे १९९५ पासून कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, आणि अन्नाचा कचरा वेगळा. पहिल्या वर्षी माझ्या कांद्याच्या सालींवरून कुणीतरी पिशवीवर चिठ्ठी चिकटवली होती, ती वाचून रडू आलं होतं. तेव्हा हालमोनींनीच नियम शिकवला होता: जनावर जे खाणार नाही, ते ओल्या कचऱ्यात नाही.

चाळीस कोबींचे डबे रात्री ओळीने मांडले होते. पूर्वी गच्चीवरच्या आणि अंगणात पुरलेल्या मातीच्या रांजणांत जायचे, आता किमचीच्या वेगळ्या फ्रीजमध्ये जातात. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी आणि हालमोनींच्या थरथरत्या अक्षरात नाव. 'थोरला'. 'धाकटी'. 'चर्च'. आणि एकावर 'दुसरा मजला', म्हणजे आपल्याकडचा पहिला. खाली बारीक अक्षरात 'कोळंबी नाही'.

आईला फोनवर डबा दाखवला. तिने पट्टीवर काय लिहिलंय ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "अगं, त्यांचा डबा रिकामा नको पाठवूस हं."

इथेही रिकामं भांडं परत करत नाहीत. म्हणून संध्याकाळी येताना शेंगदाणे घेऊन आले. सोलापूरची शेंगाचटणी करते, तेल सुटेपर्यंत कुटून. मिरची हालमोनींकडचीच आहे आणि लसूणही, काल उरलेला, त्यांनी सोलून वाटीत घालून दिलेला. खलबत्ता मात्र नाही. सकाळी खाली जाऊन मागते.